मो दाओ झू शी

'मो दाओ झू शी' ही मो शियांग थोंग शियू या टोपणनावाने लिहिणाऱ्या चिनी लेखिकेची कादंबरी आहे. शीर्षकाचा अर्थ 'आसुरी मार्गाचा आद्यगुरू' असा होतो. जिनजियांग या चिनी साहित्यविषयक संकेतस्थळावर ती ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. नंतर तिला काही पूरक प्रकरणे जोडण्यात आली. पुरुष-पुरुष प्रेमाची कथा, भुताखेतांचे व परकायाप्रवेशाचे विश्व आणि एका तुकडे केलेल्या प्रेताचे रहस्य असे तीन धागे या कादंबरीत एकत्र विणले आहेत. रहस्याची उकल जसजशी होत जाते, तसतशी दोन नायकांमधील प्रेमाचीही उकल होते. हे दोन्ही प्रवास एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे या कादंबरीचे वैशिष्ट्य मानले जाते.

कादंबरीवर आधारित चित्रकथा, ध्वनिनाट्य, सचेतपट मालिका आणि 'द अनटेम्ड' या इंग्रजी नावाने जगभर पाहिली गेलेली ५० भागांची दूरचित्रवाणी मालिका तयार झाली. चीनमधील प्रसारणविषयक निर्बंधांमुळे या मालिकेत मूळ कथेतील प्रेमसंबंध उघडपणे दाखवता आला नाही. तो कसा झाकला गेला आणि तरीही प्रेक्षकांना कसा कळला, हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे.

टीप: पुढील मजकुरात रहस्याची उकल दिली आहे.

साहित्यप्रकार व पूर्वपरंपरा

ही कादंबरी 'दानमेई' या चिनी साहित्यप्रकारात मोडते. 'दानमेई' म्हणजे शब्दशः 'सौंदर्यात रमणे'. हा शब्द जपानी 'तांबी' या संज्ञेवरून चिनी भाषेत आला. पुरुषांमधील प्रेमाच्या कथा सांगणाऱ्या या प्रकारातील लेखक आणि वाचक बहुतांशी स्त्रिया आहेत. त्यामुळे समलिंगी पुरुषांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिलेल्या साहित्यापासून तो वेगळा मानावा लागतो. दोहोंची गल्लत अनेकदा केली जाते.

कथेचे विश्व 'शियानश्या' प्रकारातले आहे. या प्रकारात साधक दीर्घ साधनेने देहात तेज साठवतात, तलवारीवर उभे राहून आकाशमार्गे प्रवास करतात आणि अमरत्वाच्या दिशेने वाटचाल करतात. त्यामागे ताओ मताच्या साधनापरंपरा व लोकसमजुतींचा आधार असतो. साधकाच्या पोटात साधनेने तयार होणारा 'सुवर्णगाभा' ही अशीच एक परंपरागत कल्पना. या कादंबरीतील सर्वांत मोठे गुपित तिच्यावरच उभे आहे.

समलिंगी प्रेम आणि अमानवी जग यांची सांगड चिनी साहित्यात नवी नाही. छिंग काळातील लेखक पू सोंगलिंग याच्या 'ल्याओझाय' या अद्भुत कथांच्या संग्रहात हुआंग ज्यूलांग नावाच्या पुरुषरूपी कोल्ह्याची व त्याच्यावर अनुरक्त झालेल्या पुरुषाची कथा आहे. हा संग्रह लेखकाच्या मृत्यूनंतर १७६६ मध्ये छापला गेला. भुताने येऊन आपल्या खुन्याविषयी सूचना द्यावी आणि न्यायाधीशाने त्यावरून तपास करावा, ही कल्पनाही न्यायाधीश बाओ यांच्याभोवती रचल्या गेलेल्या जुन्या तपासकथांतून परिचित आहे. कादंबरीत समलिंगी पुरुषासाठी वापरलेला 'कापलेली बाही' हा शब्दप्रयोग तर हान वंशाच्या आय सम्राटाच्या काळापर्यंत मागे जातो. हा सम्राट इसवी सनापूर्वी ७ ते १ या काळात गादीवर होता. त्याचा प्रियकर दोंग श्येन त्याच्या बाहीवर डोके ठेवून झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने आपली बाहीच कापून टाकली, अशी आख्यायिका आहे. कादंबरीत मात्र हे शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतात.

इंग्रजीत अशा मिश्रणाचा इतिहास स्वतंत्र आहे. जोसेफ हॅन्सन यांनी १९७० मध्ये 'फेडआउट' या कादंबरीत डेव्ह ब्रँडस्टेटर हा उघडपणे समलिंगी असलेला तपासनीस नायक केला. व्हिन्सेंट व्हर्गा यांच्या 'गेविक' या १९८० च्या कादंबरीने जुना वाडा, घराण्याची गुपिते आणि भीतीची छाया हा गॉथिक साचा दोन पुरुषांच्या प्रेमकथेसाठी वापरला. जॉर्डन कॅस्टिलो प्राइस यांच्या २००६ पासूनच्या 'सायकॉप' मालिकेचा नायक मृतांशी बोलू शकणारा पोलीस आहे. 'मो दाओ झू शी' या परंपरेतून आलेली नाही. परंतु मृतांची साक्ष काढून गुन्ह्याचा शोध लावण्याची जी सोय अद्भुताच्या प्रवेशामुळे रहस्यकथेला मिळते, ती या सर्वांत समान आहे.

लेखिका

मो शियांग थोंग शियू या नावाचा अर्थ 'शाईचा सुगंध, तांब्याच्या नाण्यांची दुर्गंधी' असा आहे. चिनी भाषेत नाण्यांची दुर्गंधी म्हणजे पैशाचा हव्यास. साहित्याची ओढ आणि अर्थार्जनाची गरज यांतील ओढाताण या नावात विनोदाने मांडली आहे. 'मो दाओ झू शी' ही या लेखिकेची दुसरी कादंबरी होय. तिच्या आधीच्या कादंबरीत एक वाचक स्वतः वाचलेल्या कथेतील खलनायक होऊन जागा होतो. तिच्या नंतरची, 'थ्येन ग्वान त्स फू' ही कादंबरी तीनदा स्वर्गात पोहोचलेल्या एका राजपुत्राची कथा सांगते. तिन्ही कादंबऱ्या जिनजियांगवरच प्रसिद्ध झाल्या.

कथानक

कादंबरीची सुरुवात नायकाच्या मृत्यूच्या बातमीने होते. वेई वूशियान मेला म्हणून सर्वत्र आनंद साजरा होत आहे आणि खानावळीत बसलेले लोक त्याच्या दुष्कृत्यांची उजळणी करत आहेत. तो प्रेतांना बासरीच्या सुरांवर नाचवत असे, आपल्याला वाढवणाऱ्या घराण्याशी तो कृतघ्न झाला, त्याने हजारोंचे बळी घेतले, असे हे लोक सांगतात. यांतील काय खरे आणि काय ऐकीव, हे वाचकाला त्या वेळी कळत नाही. जवळजवळ संपूर्ण कादंबरी या पहिल्या काही पानांची फेरतपासणी आहे.

तेरा वर्षांनंतर मो श्वेनयू नावाचा तरुण स्वतःच्या रक्ताने मंडल काढून वेई वूशियानच्या आत्म्याला आपला देह देऊ करतो. हा साधा परकायाप्रवेश नव्हे. येथे देहाचा मालक आपला आत्मा कायमचा अर्पण करतो आणि त्या बदल्यात आलेल्या आत्म्याने त्याचा सूड पूर्ण करावा, असा करार असतो. करार पूर्ण होईपर्यंत देहावरील जखमा भरत नाहीत. मो श्वेनयू हा लानलिंगच्या जिन घराण्याच्या प्रमुखाचा अनौरस मुलगा. पुरुषांविषयीच्या आकर्षणाचा बोभाटा होऊन तो घराण्यातून हाकलला गेलेला आणि आजोळी वेडा म्हणून छळला गेलेला आहे. कथेच्या आरंभीच मिटून गेलेले हे पात्र वाचकाला फारसे भेटत नाही. तरीही त्याच्या अपमानाची धग पुढे बराच काळ जाणवते, कारण नायक त्याच्याच चेहऱ्याने व त्याच्याच बदनामीसह वावरतो.

मो गावात त्याच रात्री एक तुटलेला डावा हात माणसे मारू लागतो. गूसूच्या लान घराण्याचे शिष्य त्याच्याशी झुंजत असताना लान वांगजी तेथे येतो. कडक शिस्तीचा, अतिशय मितभाषी असा हा साधक पूर्वायुष्यात वेई वूशियानचा सहाध्यायी होता. पुढे दाफान पर्वतावर वेई वूशियान घाईने कापलेल्या बांबूच्या बासरीवर नकळत एक जुनी धून वाजवतो आणि लान वांगजी त्याचे मनगट घट्ट पकडतो. चेहरा बदललेला असूनही त्याने आपल्याला कसे ओळखले, हा प्रश्न नायकाला शेवटपर्यंत पडलेला असतो. उत्तर त्या धूनमध्येच आहे. ती लान वांगजीने रचली होती आणि तारुण्यात एका गुहेत अडकलेले असताना तापाने फणफणलेल्या वेई वूशियानखेरीज कोणालाही ऐकवली नव्हती.

यानंतर दोघे मिळून त्या हाताच्या उरलेल्या देहाचा शोध घेतात. हात ज्या दिशेला बोट दाखवतो त्या दिशेला ते जातात. छिंगहच्या निए घराण्याच्या तलवारींच्या समाधिस्थानात, भिंतीत पुरलेल्या दुसऱ्याच एका प्रेताला शिवलेले पाय सापडतात. पुढच्या अवयवांचा माग यी नावाच्या धुक्याने भरलेल्या ओसाड शहरात नेतो. अखेरीस मस्तक जिन घराण्याच्या प्रासादात, आरशामागच्या गुप्त खोलीत मिळते. तेथे वेई वूशियान कागदी बाहुलीत आपला आत्मा घालून शिरतो. हे प्रेत निए मिंगज्युए या सामर्थ्यशाली घराणेप्रमुखाचे असते. त्याचा मृत्यू साधनेतील बिघाडामुळे, संताप अनावर होऊन झाला असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात त्याचा मानलेला भाऊ जिन ग्वांगयाओ याने मन शांत करणाऱ्या रागिणीत एका निषिद्ध संहितेतील काही सूर मिसळून ती त्याला वारंवार ऐकवली होती. संगीत हेच विष, अशी ही खुनाची पद्धत तपासकथांच्या वाचकालाही नवी वाटावी अशी आहे. विशेष म्हणजे तिचा सुगावा कथेत आधीच दिलेला असतो.

शेवटचा संघर्ष एका ग्वानयिन मंदिरात होतो. तेथे जिन ग्वांगयाओची कारस्थाने उघडी पडतात. त्याचबरोबर तो वेश्येचा मुलगा म्हणून आयुष्यभर कसा हिणवला गेला आणि देवीची मूर्ती त्याने आपल्या आईच्या चेहऱ्याची का घडवून घेतली, हेही कळते. मंदिरातील अनेक लोक ऐकत असताना वेई वूशियान लान वांगजीला आपले प्रेम सांगतो. प्रसंगाच्या गांभीर्याचा त्याला जवळजवळ विसरच पडतो आणि भोवतालचे लोक ओशाळून जातात. कादंबरीतील विनोद व भय यांचे मिश्रण कसे आहे, ते या प्रसंगातून दिसते.

रहस्याचा एक पदर मुद्दाम उलगडलेला नाही. निए मिंगज्युएचा धाकटा भाऊ निए ह्वायसांग हा सर्वत्र दुबळा व निर्बुद्ध समजला जातो. मो श्वेनयूला विधी करायला लावण्यापासून हात मो गावात सोडण्यापर्यंत सर्व योजना त्याचीच असावी, असा तर्क वेई वूशियान करतो. पुरावा नसल्यामुळे तो तर्कच राहतो. निए ह्वायसांग कबुली देत नाही आणि कोणी त्याला विचारतही नाही.

पूर्वकथा

वर्तमानातील तपासाच्या अधूनमधून वेई वूशियानच्या पहिल्या आयुष्याची प्रकरणे येतात. अनाथ झालेल्या त्याला युनमंगच्या जियांग घराण्याने वाढवले. गूसू येथे शिकत असताना त्याने लान वांगजीला सतत छेडले. पुढे छीशानच्या वन घराण्याने जुलूम सुरू करून जियांगांचे वसतिस्थान उद्ध्वस्त केले. त्यात जियांग छंग या त्याच्या मानलेल्या भावाचा सुवर्णगाभा नष्ट झाला, आणि काही काळाने तो जणू चमत्काराने पूर्ववत झाला. या चमत्काराचे स्वरूप कादंबरीच्या उत्तरार्धात कळते. वेई वूशियानने वन छिंग या वैद्य स्त्रीकडून शस्त्रक्रिया करवून आपला सुवर्णगाभा काढून त्याला दिला होता. त्यानंतर तलवारीची साधना त्याला अशक्य झाली. शत्रूंनी त्याला प्रेतांच्या टेकडीवर फेकून दिले, तेव्हा मृतांच्या रोषावर सत्ता चालवण्याचा मार्ग त्याने काढला, तो नाइलाजाने. जगाने त्याला हव्यास व उद्धटपणा मानले.

वन घराण्याचा पाडाव झाल्यावर विजेत्यांनी त्या घराण्यातील म्हातारेकोतारे व अशक्त लोकांनाही छळछावणीत टाकले. त्यांना वाचवून वेई वूशियान प्रेतांच्या टेकडीवर घेऊन गेला आणि तेथूनच तो सर्वांचा शत्रू ठरला. त्याच्या नियंत्रणाखालील वन निंग याच्या हातून त्याच्या मानलेल्या बहिणीचा पती मारला गेला. पुढे ती बहीणही मरण पावली आणि घराण्यांनी एकत्र येऊन टेकडीला वेढा घातला. या वेढ्यात, स्वतःच्याच प्रेतांची शक्ती उलटून त्याचा अंत झाला. त्याला वाचवण्यासाठी स्वतःच्या घराण्याच्या ज्येष्ठांवर शस्त्र उगारल्याबद्दल लान वांगजीला ३३ फटक्यांची शिक्षा झाली होती. हे वेई वूशियानला दुसऱ्या जन्मात, आणि तेही तिसऱ्याच माणसाकडून कळते.

अद्भुताचे नियम

या कादंबरीतील भुतांना काटेकोर वर्गीकरण आहे. जिवंत प्राणी, वनस्पती अशा मानवेतर गोष्टींपासून निर्माण होतात ते 'याओ', जिवंत माणसापासून 'मो', मृत माणसापासून 'ग्वेई' आणि मृत मानवेतर वस्तूंपासून 'ग्वाय'. या व्याख्या वाचकाला एका वर्गातील प्रश्नोत्तरांतून कळतात. त्याच वर्गात कादंबरीचा वैचारिक पेचही मांडला जातो. गुरुजी विचारतात, शंभराहून अधिक लोकांचा शिरच्छेद केलेला एक जल्लाद भर बाजारात अपघाती मेला, त्याचे प्रेत सात दिवस उघडे पडले आणि तो उग्र प्रेत झाला, तर काय करावे? लान वांगजी रूढ क्रम सांगतो. आधी मृताची इच्छा पूर्ण करून त्याला मुक्ती द्यावी, ते न जमल्यास त्याला दाबून ठेवावे, आणि तेही न जमल्यास नष्ट करावे. वेई वूशियान सुचवतो की जल्लादाने मारलेल्यांनाच उठवावे आणि त्यांचा रोष त्याच्यावर सोडावा. गुरुजी त्याला पुस्तक फेकून मारतात. मृतांच्या वेदनेचा साधन म्हणून वापर करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मात्र वर्गातून बाहेर पडून सबंध कथेत पसरतो.

तपासाची साधनेही अद्भुतातूनच येतात. लान घराण्याचे साधक सात तारांच्या गूछिन या वाद्यावर 'पृच्छा' वाजवून आत्म्यांना प्रश्न विचारतात. आत्मे तारा छेडूनच उत्तर देतात आणि खोटे बोलू शकत नाहीत, परंतु विचारले तेवढेच सांगतात. वेई वूशियानची पद्धत अधिक धोक्याची आहे. तो मृताला आपल्या देहात शिरू देऊन त्याच्या आठवणी स्वतः अनुभवतो. यी शहरातील आंधळी असल्याचे सोंग घेणारी आ-छिंग हिची कथा अशाच रीतीने उलगडते. शियाओ शिंगछन या आंधळ्या साधूच्या हातून श्वे यांग याने निरपराध माणसांना प्रेते म्हणून मारवले, हे तिने पाहिलेले असते. ही उपकथा स्वतंत्रपणेही वाचली जाते, आणि अनेक वाचक तिलाच कादंबरीचा सर्वांत हृदयद्रावक भाग मानतात.

नावे व संबोधने

कादंबरीतील माणसांना एकाहून अधिक नावे असल्यामुळे नवा वाचक सुरुवातीला गोंधळतो. जुन्या चिनी प्रथेनुसार जन्मनाव फक्त वडीलधारी व अगदी जवळची माणसे वापरत. इतरांसाठी वयात आल्यावर दिलेले वेगळे नाव असे. वेई वूशियानचे जन्मनाव वेई यिंग, तर लान वांगजीचे लान झान. हे दोघे एकमेकांना जन्मनावानेच हाक मारतात. सुरुवातीला ती हाक उद्धटपणाची असते. पुढे तिच्यातील जवळीक इतरांना जाणवते, पण त्या दोघांना मात्र बराच काळ जाणवत नाही. लान घराण्याच्या कपाळपट्टीचेही असेच आहे. ती संयमाचे प्रतीक असून माता-पिता, मुले आणि जीवनसाथी यांच्याखेरीज कोणी तिला हात लावू नये असा नियम आहे. वेई वूशियानने ती तरुणपणी अनेकदा ओढलेली असते. या अर्थाचा उलगडा त्याला उशिरा होतो, चतुर वाचकाला आधीच झालेला असतो.

वेई वूशियानच्या तलवारीचे नाव 'स्वेईब्यान' म्हणजे 'काहीही' असे आहे. नाव काय ठेवायचे असे विचारले असता त्याने दिलेले उत्तरच नाव म्हणून कोरले गेले.

प्रकाशन व भाषांतरे

तैवानमध्ये पारंपरिक लिपीतील छापील आवृत्ती चार खंडांत निघाली. चीनच्या मुख्यभूमीवर सरल लिपीतील आवृत्ती 'वू जी' या वेगळ्या शीर्षकाने व काटछाट करून प्रसिद्ध झाली. मूळ संकेतस्थळावरील मजकूर पुढे वाचकांसाठी बंद करण्यात आला. चीनबाहेरील वाचकांनी ही कथा प्रथम वाचली ती हौशी भाषांतरकारांच्या कष्टांमुळे. थाई, व्हिएतनामी, जपानी, कोरियन व रशियन भाषांत तिची अधिकृत भाषांतरे झाली आहेत. इंग्रजी भाषांतर सेव्हन सीज या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने डिसेंबर २०२१ पासून पाच खंडांत काढले. त्याचा पहिला खंड न्यू यॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत आला.

रूपांतरे

सचेतपट मालिकेचा पहिला भाग जुलै २०१८ मध्ये टेन्सेंटच्या व्यासपीठावर आला. तिचे तीन हंगाम झाले आणि ती २०२१ मध्ये संपली. मालिका कथेतील युद्धप्रसंगांवर व चित्रमयतेवर भर देते. प्रेमसंबंध केवळ सूचित होतो.

'द अनटेम्ड' ही मालिका २७ जून २०१९ पासून प्रसारित झाली. शियाओ झान याने वेई वूशियानची, तर वांग यीबो याने लान वांगजीची भूमिका केली. मालिकेने मूळ रचनेत मोठे बदल केले. तेरा वर्षांचा विरह सोळा वर्षांचा झाला आणि घराण्यांतील संघर्षाला कारण म्हणून एका शापित लोखंडाची नवी कथा घातली गेली. तपास आणि पूर्वकथा यांची गुंफण बरीच सैल करून बहुतेक पूर्वकथा सलग दाखवली गेली. त्यामुळे पात्रे समजण्यास सोपी झाली, परंतु पहिल्या पानावरचा आरोपी निर्दोष ठरत जाण्याची मूळ गंमत कमी झाली. प्रेताच्या अवयवांचा शोधही जवळजवळ नाहीसा झाला. प्रेमाऐवजी 'झ्झी', म्हणजे आपले अंतरंग जाणणारा सखा, हा जुना शब्द योजण्यात आला. गुहेतील त्या धूनचे नाव मात्र मालिकेने टिकवले. दोघांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन केलेले हे नाव लान वांगजी कुजबुजतो, तेव्हा प्रेक्षकाला केवळ हलणारे ओठ दिसतात, आवाज ऐकू येत नाही. रूपांतराच्या मर्यादांतच अर्थ दडवण्याचे उदाहरण म्हणून या दृश्याचा उल्लेख केला जातो.

मालिका नेटफ्लिक्सवरही आली आणि पूर्व व आग्नेय आशियात, विशेषतः थायलंडमध्ये, कमालीची गाजली. उपकथानकांवर 'द लिव्हिंग डेड' व 'फेटल जर्नी' हे दोन चित्रपट निघाले. दुसऱ्यात निए बंधूंची कथा आहे.

निर्बंधांची पार्श्वभूमी

चीनमध्ये १९९७ मध्ये समलिंगी संबंध गुन्हेगारी कायद्याच्या कक्षेबाहेर आले आणि २००१ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली गेली. माध्यमांतील चित्रणाबाबतची भूमिका मात्र कडकच राहिली. २०१६ च्या आरंभी 'शांगयिन' ही दोन विद्यार्थ्यांच्या प्रेमाची मालिका प्रसारण चालू असतानाच काढून टाकण्यात आली. त्यानंतर उघड झालेल्या दूरचित्रवाणीविषयक नियमांत समलिंगी संबंधांचे चित्रण निषिद्ध ठरवले होते. म्हणजे 'मो दाओ झू शी' क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच तिच्या पडद्यावरील भवितव्याची चौकट आखली जात होती. प्रीस्ट या लेखिकेच्या, अद्भुत व तपास यांचेच मिश्रण असलेल्या 'झन हून' या कादंबरीवरील मालिका २०१८ मध्ये आली व त्याच वर्षी काही काळ काढून घेतली गेली. छापील साहित्यावरील धोका अधिक गंभीर होता. २०१८ मध्ये आन्हुई प्रांतातील न्यायालयाने एका दानमेई लेखिकेला अश्लील पुस्तकाच्या निर्मितीबद्दल साडेदहा वर्षांची कैद सुनावली.

फेब्रुवारी २०२० मध्ये शियाओ झानच्या काही चाहत्यांनी त्याच्याविषयीच्या एका हौशी काल्पनिक कथेची तक्रार अधिकाऱ्यांकडे केली. त्यानंतर अशा कथांचा आंतरराष्ट्रीय संग्रह असलेले 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ चीनमध्ये बंद झाले. याच संग्रहाला आदल्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. अभिनेत्याचा स्वतःचा या तक्रारीत हात नव्हता, तरी त्याच्याविरुद्ध बहिष्काराची मोठी मोहीम झाली. ऐकीव गोष्टींवर एका माणसाला घेरणारा जमाव कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे, आणि हे साम्य वाचकांच्या नजरेतून सुटले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चिनी प्रसारण प्रशासनाने पुरुषांच्या 'बायकी' सौंदर्यकल्पनांविरुद्ध आदेश काढला. त्यानंतर दानमेई कादंबऱ्यांवरील मालिकांचे प्रसारण जवळजवळ थांबले. 'हाओ यी शिंग' ही चित्रीकरण पूर्ण झालेली मालिका तेव्हापासून अप्रदर्शित राहिली.

समीक्षा

कथेची गुंतागुंतीची कालरचना आणि खलनायकालाही दिलेली पूर्ण माणूसपणाची वागणूक यांची प्रशंसा झाली आहे. शेवटी जिन ग्वांगयाओ मेल्यावर लोक पुन्हा खानावळीत बसून त्याच्याविषयी तसेच बोलू लागतात, जसे सुरुवातीला वेई वूशियानविषयी बोलत होते.

आक्षेपही घेतले गेले आहेत. शिकारीच्या प्रसंगी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या वेई वूशियानचे लान वांगजी त्याच्या नकळत चुंबन घेतो. हा व पुढील काही प्रसंग संमतीच्या दृष्टीने अनेकांना खटकतात. दोन पुरुषांमध्ये एक कर्ता व एक ग्राहक अशी ठरीव विभागणी हा या साहित्यप्रकाराचाच संकेत असून ही कादंबरी तो मोडत नाही. स्त्रीपात्रे थोडी आहेत आणि त्यांपैकी जियांग यानली, वन छिंग, आ-छिंग, छिन सू अशा बहुतेक जणी मरण पावतात. याला ठळक अपवाद ल्वो छिंगयांग हिचा. भर सभेत वेई वूशियानची बाजू घेतल्यावर ती आपल्या घराण्याचे चिन्ह काढून ठेवते आणि निघून जाते. कादंबरीच्या शेवटी ती पुन्हा भेटते, तेव्हा ती पती व मुलीसह स्वतंत्रपणे भुतांचा बंदोबस्त करत फिरत असते.

हेही पाहा

दानमेई
ल्याओझाय
शियानश्या
न्यायाधीश बाओ
गूछिन